पितळी होकायंत्र, झाकणावर 'स्टॅन्ली, लंडन' : जाणकारांनी जरा बघा

शाहूपुरीचा_समीर (धागाकर्ता)

मंडळी, रविवारच्या जुन्या बाजारात एक पितळी होकायंत्र घेतलं. तळहातावर मावणारं, पण हाताला चांगलं जड. झाकणावर 'स्टॅन्ली, लंडन' आणि त्याखाली '१८८५' असं लिहिलंय. झाकणाच्या आतल्या बाजूला एक इंग्रजी कविता आहे आणि पाठीमागं 'नॅचरल साइन' असं शीर्षक देऊन आकड्यांचा तक्ता. विकणाऱ्याचं म्हणणं, संस्थानी काळातला माल आहे, एका सरदारांच्या वाड्यातनं निघालाय. साडेचार हजारांपासून सुरू करून अठराशेला सोडलं.

आता एक मित्र म्हणतोय पन्नास हजारांच्या खाली देऊ नकोस, दुसरा म्हणतोय असली ऑनलाइन ढिगानं पडलीत. मला विकायचं नाहीच, पण घरात काय आणून ठेवलंय ते तरी कळू दे. स्टॅन्ली नावाची कंपनी खरोखर होती का? काय बनवायची? इथं मोजणी खात्यातले, सिव्हिलवाले, लेथवाले सगळेच आहेत म्हणून विचारतोय. फोटो जोडलेत.

पेठेतला_पैलवान

अठराशे म्हणजे सव्वादोन किलो मटण गेलं की राव.

उद्यमनगरी

समीर, त्या बाजारात दर रविवारी जेवढा माल 'वाड्यातनं' निघतो तेवढे वाडे अख्ख्या करवीर संस्थानात नव्हते.

फोटो मोठे करून बघितले. झाकणावरची अक्षरं कोरलेली नाहीत, ॲसिडनं खाल्लेली आहेत. कोरणीच्या अक्षराला व्ही आकाराची घळ असती, तिरका उजेड धरला की एक कड चमकती. ह्या अक्षरांचा तळ सपाट आणि खरबरीत आहे, वरनं काळा रंग भरलाय. बिजागरीची पिन म्हणजे तारेचा तुकडा, दोन्हीकडनं ठोकून बसवलेला. वापरून झिजलेली बिजागरी एका अंगाला ढिली होती, ही नवी असल्यापासनंच सगळीकडं सारखी ढिली असणार.

माझं मत: माल नवा. पण नाव खोटं नाही. स्टॅन्लीचं ड्रॉइंगचं सामान जुन्या ड्राफ्ट्समन लोकांकडं मी स्वतः हाताळलंय. कंपासपेटीतला डिव्हायडर उघडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा ताण लागायचा. सांध्याचं तसलं फिटिंग आजही सगळ्यांना जमत नाही.

गौरी_सिव्हिल

मी पॉलिटेक्निकला सर्व्हेइंग शिकवते. फोटोवरून निकाल लावण्यापेक्षा समीर, तू घरीच काही गोष्टी करून बघ.

लाकडी टेबलावर ठेव. मोबाईल, किल्ल्या, स्टीलची भांडी लांब. सुई थांबली की आकडा लिहून घे. मग एक खिळा जवळ नेऊन सुई हलव, खिळा बाजूला कर आणि पुन्हा थांबल्यावर आकडा बघ. दरवेळी तोच आला पाहिजे. चांगल्या कंपासात सुईच्या मध्यावर अकीकाची बारीक टोपी असते आणि ती पोलादी टोकावर तोललेली असते. टोक बोथट असलं की सुई कुठंही थांबते आणि माणसाला वाटतं उत्तर दिशा सापडली.

झाकण मिटल्यावर कानाशी धरून हलव. खऱ्या यंत्रात मिटताना एक छोटी तरफ सुईला टोकावरून उचलून काचेला टेकवते, म्हणजे घोड्यावरून नेताना टोक झिजत नाही. तुझ्यात सुई आत खुळखुळत असेल तर ती सोय नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. सुई आडवी राहते की एका बाजूला झुकते? पृथ्वीचं चुंबकत्व सुईला उत्तरेकडं वळवतं आणि खालीही ओढतं. लंडनला ही ओढ क्षितिजाशी ६६-६७ अंशांचा कोन करते, आपल्याकडं जेमतेम वीस-पंचवीस अंशांचा. त्यामुळं लंडनला तोललेल्या सुईच्या दक्षिण टोकाला मुद्दाम थोडं वजन दिलेलं असतं. तीच सुई कोल्हापुरात आणली की ते वजन जादा होतं आणि दक्षिण टोक खाली जातं. सर्व्हेच्या कंपासांत म्हणून सुईवर तारेचं एक बारीक वेटोळं असतं, ते सरकवून तोल साधायचा. आता तुझी सुई वेटोळं नसताना इथं अगदी सपाट राहत असेल, तर ती लंडनच्या हिशोबानं बनलेलीच नाही.

आणि त्या तक्त्यात ३० अंशांसमोर ०.५ आहे का तेवढं बघ, ३० अंशांची साइन तेवढीच असते.

करवीरकर_क्रॉयडनमध्ये

अरे वा, हा धागा माझ्यासाठीच निघाला म्हणायचा. मूळचा मंगळवार पेठेतला, सध्या लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनला असतो. इथून जवळच साउथ नॉरवुड आहे आणि तिथल्या चौकात एक ओतीव लोखंडाचा घड्याळाचा मनोरा उभा आहे. तो ह्याच स्टॅन्लीच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, १९०७ मध्ये उभारला. कारखानदाराच्या लग्नाच्या वाढदिवसाला गावानं मनोरा बांधावा हे मला तरी नवीनच होतं, म्हणून मग वाचत गेलो.

विल्यम फोर्ड रॉबिन्सन स्टॅन्ली, जन्म १८२९, इझलिंग्टन. बाप बांधकामातला, यंत्रकामातला. पोरगं चौदाव्या वर्षी शाळेतून निघालं आणि बापाच्या हाताखाली कामाला लागलं. रेखाटनाची हत्यारं फार महाग पडतात अशी बापाची तक्रार असायची. पोरानं ती मनावर घेतली आणि १८५४ मध्ये होबर्नच्या ग्रेट टर्नस्टाइल नावाच्या बोळात दुकान थाटलं. भांडवल १०० पौंड. सुरुवात टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर असल्या साध्या वस्तूंपासून. त्या काळात इंग्लंडात सगळीकडं रेल्वे आणि गटारांची कामं निघालेली, नकाशे काढणाऱ्यांना हत्यारं पुरत नव्हती. स्वस्त आणि बिनचूक माल देणाऱ्याकडं गिऱ्हाईक आलंच.

पण धंदा वर आला तो सरळ रेघेवर खुणा पाडणाऱ्या यंत्रानं. फूटपट्टीवरच्या खुणा हातानं पाडायला वेळ लागतो आणि माणूस चुकतो. स्टॅन्लीनं ते काम यंत्रावर आणलं आणि १८६२ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्याला त्यासाठी बक्षीस मिळालं. पुढं नॉरवुडच्या रेल्वे जंक्शनजवळ कारखाना उभा राहिला. १८८१ पर्यंत ऐंशीच्या आसपास कामगार आणि तीन हजार प्रकारचा माल. थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण), लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण), कंपास, साखळ्या, प्लॅनिमीटर (नकाशावरचं क्षेत्रफळ मोजायचं यंत्र), सगळं. थिओडोलाइट त्यानं अर्धाअधिक सुटसुटीत केला: जिथं पाच तुकडे स्क्रूनं जोडलेले असत तिथं एकच ओतीव तुकडा आणला. जोड कमी म्हणजे ढिलं व्हायच्या जागा कमी.

आता समीरच्या कामाची गोष्ट. १८८५ साली ह्या दुकानाच्या मालावर साधारण 'डब्ल्यू. एफ. स्टॅन्ली' असं मालकाचं नाव आणि बऱ्याचदा होबर्नचा पत्ता असायचा. १९०० मध्ये मर्यादित कंपनी झाली, त्यानंतरच्या मालावर 'अँड कंपनी लिमिटेड' येतं. नुसतं 'स्टॅन्ली, लंडन' आणि खाली ठसठशीत साल, वर कविता, असा प्रकार मी एकाही संग्रहालयात बघितला नाही. इथल्या पर्यटकांच्या बाजारात मात्र पैशाला पासरी आहे. त्यातल्या निम्म्यांवर तर बुडालेल्या टायटॅनिकचं नाव पण घातलेलं असतं.

म्हातारा १९०९ मध्ये गेला. त्याआधी १९०७ मध्ये त्यानं स्वतःच्या पैशानं पोरांसाठी तांत्रिक शाळा काढली, वर वेधशाळेसकट. सभागृह बांधलं, ते अजून आहे. कंपनी त्याच्यामागं नव्वद वर्षं चालली. १९९९ मध्ये बंद झाली.

पेठेतला_पैलवान

लेख झाला की हो हा. वाचनखूण साठवली.

शाहूपुरीचा_समीर

करवीरकर, भारी माहिती. बंद का पडली पण? एवढं नाव असून?

करवीरकर_क्रॉयडनमध्ये

एकच एक कारण सांगणारा मी कोण, पण दोन्ही पाय एकदम गेले असं दिसतं. ड्रॉइंगचं सामान संगणकानं खाल्लं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ऑफिसांतले ड्रॉइंग बोर्ड निघाले आणि त्याबरोबर टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, शाईची पेनं, सगळंच अडगळीत. सर्व्हेचं सामान तोवर स्वित्झर्लंड आणि जपानच्या ताब्यात गेलं होतं. पितळेत हुशार असणं आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये हुशार असणं, दोन्ही फार थोड्यांना जमलं.

चिकित्सक_बुवा

छान चाललंय. एका इंग्रज दुकानदाराची आरती ओवाळून झाली असेल तर एक विचारू का? आपल्या देशाची एवढी मोजणी झाली, त्यात यंत्रं दुरुस्त करणारे, बनवणारे हात कुणाचे होते? की सगळं बोटीनं यायचं आणि आपण फक्त तिपाई उचलायची?

निवृत्त_भूकरमापक

बुवांचा प्रश्न तिरका आहे, पण रास्त आहे. मी भूमी अभिलेखात हयात घालवली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

देशाची मोठी त्रिकोणमितीय मोजणी विल्यम लॅम्ब्टन ह्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८०२ मध्ये मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपासून धरली. त्याचा मोठा थिओडोलाइट लंडनच्या विल्यम कॅरीनं बनवलेला. वर्तुळ ३६ इंची, वजन सुमारे अर्धा टन. बोटीनं येतानाच फ्रेंचांनी तो पकडला, मॉरिशसला नेला आणि काय आहे ते कळल्यावर मानानं मद्रासला पाठवून दिला. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटलं. वर्तुळ वाकलं. लॅम्ब्टननं स्वतःला तंबूत कोंडून घेतलं आणि कारागिरांना हाताशी धरून काही आठवड्यांत ठोकून-ठाकून ते पुन्हा गोल केलं. हा माणूस शेवटी आपल्या महाराष्ट्रातच गेला, हिंगणघाटला, १८२३ मध्ये.

पुढं त्याच्या जागी जॉर्ज एव्हरेस्ट हा अधिकारी आला. त्याला रोजच्या रोज दुरुस्तीसाठी इथंच कारागीर हवा होता, कारण यंत्र लंडनला पाठवायचं म्हणजे वर्ष-दोन वर्षं बुडाली. त्यानं विलायतेहून हेन्री बॅरो नावाचा कारागीर आणला, १८३० मध्ये कलकत्त्याला गणिती यंत्रांचं कार्यालय चालू झालं. पण त्याचा खरा भरवशाचा माणूस होता आर्काटचा सय्यद मीर मोहसीन हुसेन. हा काही इंग्लंडात शिकलेला नव्हता. बॅरो गेल्यावर ती जागा ह्याला द्यावी म्हणून एव्हरेस्टनं हट्ट धरला. वरच्यांनी बरीच खळखळ केली, इंग्रजी येत नाही म्हणून, आणि अखेर त्यालाच नेमावं लागलं. कॅरीच्या त्या वाकलेल्या थिओडोलाइटला पुन्हा कामाला लावण्यात मोहसीन हुसेनचा हात होता. तेव्हा बुवा, आपल्या हातांनी नुसती तिपाई उचलली नाही.

त्याच कार्यालयातून स्वातंत्र्यानंतर जादवपूरची सरकारी नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स झाली. थिओडोलाइट, लेव्हल, दुर्बिणी बनायच्या. ती पण आजारी पडली आणि शेवटी जागा जादवपूर विद्यापीठाकडं गेली.

आपल्या मुलखातल्या महसुली मोजणीत मात्र कंपासाचं काम दुय्यम. गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५ पासून इंदापूरकडं जी पद्धत बसवली, ती शंकू-साखळीची. शंकूनं काटकोन काढायचा, साखळीनं अंतर घ्यायचं. इंग्रजांची गुंटर साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. आपली तिच्या निम्मी, ३३ फुटांची, आणि तिचे भाग १६, त्यांना आणे म्हणायचं. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असले ४० झाले की एकर. टिपणावर 'तीन साखळ्या सात आणे' असं लिहिलेलं आजच्या पोरांना वाचता येत नाही आणि मग बांधावर कुऱ्हाडी निघतात.

कंपास लागायचा तो प्लेन टेबलावर, लांबट डबीतला. फळा मांडला की ती डबी कागदावर ठेवायची आणि सुई मधल्या रेघेवर येईतो फळा फिरवायचा. अंदाजे दिशा मिळाली की बाकीचं काम दृष्टिपट्टीनं. पन्हाळ्याच्या बाजूला आणि पश्चिमेच्या डोंगरात काळ्या दगडाच्या उघड्या पाठीवर सुईवर विसंबायचं नाही, हे आम्हाला पहिल्या पावसाळ्यातच शिकवलेलं. बसाल्टात लोहखनिज असतं, दगडावर वीज पडली असेल तर तो तुकडाच चुंबक झालेला असतो. एका टोकाकडनं वाचलेला कोन आणि दुसऱ्या टोकाकडनं वाचलेला कोन ह्यांत बरोबर १८० चा फरक आला नाही की समजायचं, जमीन सुईला फसवतीय.

उद्यमनगरी

काका, दंडवत.

लेथवाल्याच्या नजरेनं एक सांगतो. ही सगळी यंत्रं म्हणजे शेवटी एका गोल चकतीवर पाडलेल्या ३६० अंशांच्या खुणा. दुर्बीण कितीही चांगली असू दे, खुणा वाकड्या असतील तर सगळं वाया. आणि गोल भागायचं काम महाबिकट. १७७० च्या दशकात लंडनच्या जेसी रॅम्सडेननं ते यंत्रावर आणलं. ४५ इंची काशाचं चाक, कडेला २१६० दाते, त्यात बसणारा एक वर्म स्क्रू. हिशोब करा: २१६० भागिले ३६० म्हणजे सहा. स्क्रूचे सहा फेरे म्हणजे एक अंश, एक फेरा म्हणजे दहा मिनिटं (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). आमच्या मिलिंग मशीनवर काम ठरावीक अंशांनी फिरवणारा डिव्हायडिंग हेड ह्याचाच नातू, फक्त त्याचं प्रमाण चाळीसास एक.

ते यंत्र कसं बनवलं ते सगळ्यांना लिहून द्यायच्या अटीवर सरकारनं रॅम्सडेनला पैसे दिले. त्यानंतर लंडनमधल्या गल्लीबोळातल्या कारागिरांना मोजणीची यंत्रं करता यायला लागली. स्टॅन्ली त्याच रांगेतला, बराच पुढचा. विद्या कोंडून ठेवली असती तर दोन-तीनच दुकानं राहिली असती.

आपल्या गावात तरी वेगळं काय झालं? बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच बनवला, म्हादबा मेस्त्रींनी इंजिनं इथंच उघडून, बघून बनवली. पण एक खटकतं. उद्यमनगरात पंप झाले, इंजिनं झाली, ओतकाम देशभर गेलं. मोजणीची यंत्रं मात्र कुणी धरली नाहीत. पंपाला सूतभर फरक चालतो, इथं केसभर चालत नाही, आणि गिऱ्हाईक म्हणजे सरकारी टेंडर. कुणीच तिकडं वळलं नाही ते बरोबरच केलं म्हणा.

गौरी_सिव्हिल

रुडकीनं धरली ना. गंगा कालव्याच्या कामासाठी तिथं वर्कशॉप निघालं, १८४७ मध्ये इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, आणि त्या दोघांच्या आधारानं गावात ड्रॉइंग आणि सर्व्हेचं सामान बनवणारे कारखाने वाढले. आमच्या लॅबमधले प्रिझमॅटिक कंपास, रेंजिंग रॉड, साखळ्या, प्लेन टेबल ह्यांतलं बरंचसं तिकडचंच. कॉलेजांची मागणी आटली तशी त्यातल्या काहींनी शोभेच्या पितळी वस्तू काढायला सुरुवात केली. समीर, तुझं होकायंत्र बहुतेक तिकडनंच आलंय. म्हणजे विलायती नावाखाली तुला दीडशे वर्षांचा देशी धंदा मिळालाय.

चिकित्सक_बुवा

हे आवडलं. मग नाव तरी स्वतःचं घालायचं की रुडकीकरांनी.

उद्यमनगरी

स्वतःचं घातलं असतं तर अठराशे मिळाले असते का बुवा?

महाद्वारचा_राजू

प्रश्न थोडा वेगळा आहे. सुईवर विश्वास नसेल तर खरी दिशा घरच्या घरी कशी काढायची? माझ्या गच्चीवर सोलर बसवायचंय, प्रत्येक मिस्त्री दक्षिण वेगळी दाखवतोय.

गौरी_सिव्हिल

राजू, तू तर अंबाबाईच्या दारात राहतोस. मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात तो किरणोत्सव ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी ह्या दिवसांत होतो. दोन्ही तारखा २१ डिसेंबरपासून सारख्याच लांब आहेत, त्यामुळं सूर्य दोन्ही वेळा एकाच जागी मावळतो: आपल्या अक्षांशावर पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला. हा कोन गणितानं पक्का काढता येतो, त्याला सुई लागत नाही. सूर्य क्षितिजाशी टेकला की त्या दिशेनं गच्चीवर दोरी ताण, तिच्यापासून १८ अंश उजवीकडं खरी पश्चिम. फक्त समोर इमारती नकोत, कारण सूर्य वर असतानाच आडोशाला गेला तर कोन बदलतो. एवढं थांबायचं नसेल तर कुठल्याही दिवशी गच्चीवर काठी उभी कर आणि सर्वांत आखूड सावलीची रेघ मार. ती उत्तर-दक्षिण.

आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर ह्यांत फरक फार थोडा आहे, म्हणून चांगली सुई असेल तर सोलरला चालून जातं. लंडनकरांना ही चैन नव्हती. १८२० च्या सुमारास तिथं सुई खऱ्या उत्तरेपासून तब्बल २४ अंश पश्चिमेला असायची.

मिस्त्री मात्र मोबाईल लोखंडी अँगलला टेकवून दिशा बघत असतील. त्यांना तसं करू देऊ नकोस.

निवृत्त_भूकरमापक

स्वित्झर्लंडचा विषय वर नुसता शिवून गेला, म्हणून थोडं.

एका धरणाच्या कामावर पाटबंधारेवाल्यांकडं वाइल्ड ह्या स्विस कंपनीचा टी-२ थिओडोलाइट होता. आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती, पण त्यांच्या साहेबांनी एकदा डोळा लावू दिला. आमच्या जुन्या व्हर्नियर थिओडोलाइटवर कोन वीस सेकंदांपर्यंत (सेकंद म्हणजे मिनिटाचा साठावा भाग) वाचता यायचा. तेही भिंग धरून, चांदीच्या पट्टीवरची कुठली खूण कुठल्या खुणेशी जुळतीय ते डोळे ताणून शोधायचं, आणि एकदा ह्या बाजूला, एकदा त्या बाजूला जाऊन. टी-२ मध्ये दुर्बिणीशेजारीच एक छोटी नळी. तिच्यात वर्तुळाच्या समोरासमोरच्या दोन बाजू एकावर एक दिसायच्या. चाक फिरवून वरच्या आणि खालच्या रेघा जुळवल्या की एक सेकंद वाचायचा. वर्तुळ पितळेचं नाही, काचेचं. समोरासमोरच्या बाजू एकदमच वाचल्यामुळं वर्तुळ किंचित एकीकडं सरकून बसलं असलं तरी त्याचा दोष आपोआप कटतो.

हे डोकं हाइनरिख वाइल्डचं. जर्मनीत झाइसकडं यंत्रविभाग सांभाळत होता, १९२१ मध्ये स्वित्झर्लंडला परतून हीरब्रुग गावी भागीदारीत कंपनी काढली. गंमत म्हणजे तीसच्या दशकात भागीदारांशी फारकत घेऊन तो बाहेर पडला आणि आराऊच्या केर्न कंपनीसाठी यंत्रं आखायला लागला. केर्न म्हणजे १८१९ पासूनचं जुनं घर. स्वतःच्याच नावाच्या कंपनीशी हा माणूस उरलेलं आयुष्य स्पर्धा करत राहिला. शेवटी १९८८ मध्ये वाइल्डनं केर्न गिळली, मग सगळं लायका झालं, आणि २००५ मध्ये ती स्वीडनच्या हेक्झॅगॉननं घेतली. आज खात्यातली पोरं रोव्हर घेऊन शेतात जातात, उपग्रहावरनं काही मिनिटांत ठिपका मिळतो. मोजणी झटकन होते. भांडणं तेवढीच आहेत.

शाहूपुरीचा_समीर

निकाल सांगतो. सुई खिळ्यानं हलवून सोडली की दरवेळी नवी उत्तर दाखवती, एकदा तर पंधरा अंशांचा फरक. मिटल्यावर आत खुळखुळतीय. वेटोळं वगैरे काही नाही, सुई मात्र इथं झकास सपाट आहे. तक्त्यात ३० अंशांसमोर ०.५ बरोबर आहे, पण पुढं ४७ आणि ४८ ला एकच आकडा छापलाय.

तेव्हा देशी माल, विलायती नाव. टेबलावर कागद दाबायला ठेवलंय. सगळ्यांचे आभार, अठराशेत एवढं शिक्षण स्वस्त पडलं.

भोगावतीकाठ

ह्याच धाग्यावर विचारतो. आमचे आजोबा कालव्याच्या कामांचे ठेकेदार होते. त्यांची एक लाकडी पेटी माळ्यावर सापडली. आत पितळी दुर्बीण, वर लांबट बबल (पातळी दाखवणारी काचेची नळी), खाली चार स्क्रूंची बैठक. नळीवर बारीक कोरलंय: 'कुक, ट्रॉटन अँड सिम्स, यॉर्क'. बबल शाबूत आहे. दुर्बिणीतनं लांबचं साफ दिसतं, पण मधली रेघ दिसतच नाही. आई म्हणतीय पितांबरी लावून लख्ख करू आणि दिवाणखान्यात ठेवू.

उद्यमनगरी

पितांबरी लावू नका!! आईंना हात जोडून सांगा.

निवृत्त_भूकरमापक

ही अस्सल वाटते. यॉर्कचा कुक आणि लंडनचे ट्रॉटन-सिम्स १९२२ मध्ये एकत्र आले, त्यामुळं यंत्र त्यानंतरचं. मूळ घराण्याची ही डम्पी लेव्हल, १८३२ मध्ये ग्रॅव्हाटनं आखलेली, ट्रॉटन-सिम्सनीच पहिल्यांदा बनवलेली.

रेघ दिसत नाही त्याचं कारण बहुधा साधं आहे. जुन्या यंत्रांत ती रेघ कोळ्याच्या जाळ्याच्या तंतूची असायची. तंतू तुटला असणार. डोळ्याच्या बाजूला नळीभोवती छोटे स्क्रू दिसतील, त्यांना हात लावू नका, ते तंतूच्या चकतीचे आहेत. भिंगही खोलू नका. मऊ ब्रशनं धूळ झाडा, बबलवर ऊन पडू देऊ नका. पितळेवरचा जुना लॅकर राहू दे, तो गेला की काळं पडायला सुरुवात होते.

तंतू बसवायचं काम मी केलेलं आहे. कोळी इथंच मिळतो, आठवड्याभरात करून देतो. मग मैदानावर नेऊन दोन खुंट्यांची चाचणी घेऊ: साठ मीटरवर दोन खुंट्या, आधी यंत्र बरोबर मध्ये ठेवून दोन्हींवरचा फरक वाचायचा, मग एका खुंटीजवळ नेऊन पुन्हा वाचायचा. फरक तोच आला तर यंत्र आजही कामाला लावता येईल. नाही आला तर ते छोटे स्क्रू तेव्हा फिरवायचे. चौदा फुटी लाकडी स्टाफ (खुंटीवर उभी धरायची मापपट्टी) माझ्याकडं आहे. पेटी आणताना आडवी धरा, आणि स्टँडचे पाय असतील तर तेही आणा, त्यांचे बोल्ट वेगळ्या आट्यांचे असतात.